‘विंड चिल’चा अधिकृत इतिहास, लेखक मीच

२० जानेवारी १९८५, रविवार

उणे चौतीस. खिडकीला आतून बर्फ.

आजपासून ‘विंड चिल’ या आपल्या बँडचा इतिहास लिहायला घेतला. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी लोक विचारणारच, विनिपेगमध्ये हार्डकोर पंक संगीत पेटलं कसं. तेव्हा ज्याला जे सुचेल ते तो ठोकून देईल. त्यापेक्षा मुळापासून जो होता त्यानेच लिहिलेलं बरं. म्हणजे मी. मायरन ह्रिंचुक, वय सव्वीस. गायक, गीतकार आणि बँडचा मेंदू.

बाकीचे तिघे. टॅनिस, बेस गिटार. हुशार आहे पण टोचून बोलते. लॉर्न, गिटार. बोलतच नाही. डार्सी, ड्रम. हाही बोलला नाही तर बरं होईल.

‘विंड चिल’ म्हणजे भांडवलशाहीचा बोचरा वारा. हा अर्थ माझा. डार्सी म्हणतो, नाव त्याने रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांतून उचललं. डार्सी म्हणतो ते सगळंच काही इतिहासात घ्यायचं नसतं.

संकल्प. एक, रोज एक पान लिहायचं. दोन, आठ जूनच्या शांतता मोर्चात विधानसभेच्या पायऱ्यांवर उभं राहून ‘आभाळ भाड्याने’ म्हणायचं. समोर वीस हजार माणसं. उत्तरेकडच्या आपल्या आभाळात अमेरिकेची क्षेपणास्त्रं उडवून बघायला सरकारने परवानगी दिली, आणि आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यावरचं गाणं. ओळी आठ, वेळ अठ्ठेचाळीस सेकंद. हे गाणं वीस हजार लोकांच्या कानांवर पडलं पाहिजे. त्यानंतर मी मेलो तरी चालेल. पण लगेच नको.

२१ जानेवारी

काही लिहिलं नाही. इतिहास घडवणाऱ्याला लिहायला वेळ कुठला?

३ फेब्रुवारी

काल कर्लिंग क्लबात शो. प्रेक्षक एकतीस. त्यांतले अकरा बर्फावर दगड सरकवायला आलेले, पण चेहऱ्यावरून प्रभावित वाटले.

प्रत्येक गाण्याआधी मी त्याची पार्श्वभूमी सांगितली. कोणता कायदा, कोणत्या साली, कुणाच्या फायद्याचा. हे लागतंच. आमचं गाणं पाऊण मिनिटात संपतं, शब्द कुणाला कळत नाहीत. आधी सांगितलं नाही तर नुसता गोंगाट.

शो संपल्यावर टॅनिसने हिशेब मांडला. गाणी सहा, मिळून पाच मिनिटं. माझं बोलणं बावन्न मिनिटं. मी तिला शांतपणे समजावलं की पार्श्वभूमीशिवाय गाणं म्हणजे नुसता गोंगाट. डार्सी म्हणाला, पार्श्वभूमीही गोंगाटच होती, फक्त तिला चाल नव्हती. बिचाऱ्याने दहावीनंतर शाळा सोडली आहे.

१० फेब्रुवारी

आमच्या तळघरात तालीम. वरून आईने झाडूच्या दांड्याने तीनदा ठोकलं. मी वर गेलो. म्हटलं, आवाज कमी होणार नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, आवाजाचं काही नाही, तो वॉशिंग मशीनपेक्षा बरा आहे. तू मधे मधे बोलतोस ते बंद कर. नमनालाच घडाभर तेल जाळतोस, मग गाणं म्हणायला दिवा राहतो का?

घरातूनच विरोध. सगळ्या चळवळींचं असंच होतं.

शिवाय तिने माझा फाटका टी-शर्ट शिवून ठेवला. तिसऱ्यांदा. मला दर आठवड्याला तो नव्याने फाडावा लागतो.

१७ फेब्रुवारी

डार्सीने अंडी उकडायचं टायमर आणलंय. ड्रमवर ठेवतो. दोन मिनिटं झाली की टर्रर्र. संकल्प केला, यापुढे दोन मिनिटांत आवरायचं. आज पहिल्यांदा टायमर वाजलं तेव्हा मी १९१९ च्या संपापर्यंतच पोचलो होतो. आपल्या गावाचा एवढा मोठा संप. तो गाळून पुढे जायचं कसं?

टायमर खिशात घालून घरी आणलं. कुणाला सांगितलेलं नाही.

९ मार्च

गेल्या मंगळवारी मोर्चाच्या समितीकडे गेलो होतो. प्रमुख एडगर पेनर, निवृत्त शाळामास्तर. मेनोनाइट, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा माणूस, स्वेटर, जाड चष्मा, चहाबरोबर घरची बिस्किटं. आमच्या गाण्यांची टेप आधीच पाठवली होती. ती त्यांनी चार वेळा ऐकली म्हणे. उत्साह भरपूर आहे, म्हणाले, पण एक शब्द कळेल तर शपथ. शब्द लिहून द्या.

तीन दिवसांत दिले. गाण्याच्या आठ ओळी, आणि टिपा एकोणीस पानं.

१६ मार्च

पेनर सरांनी एकोणीसच्या एकोणीस पानं वाचली. लाल पेनने शुद्धलेखन तपासून परत दिली. शेवटी शेरा: ‘आठ ओळी उत्तम. बाकीची गरज नाही.’

मला उत्तम मिळालं. शाळेत कधी मिळालं नव्हतं. आईला दाखवलं. तिने शेऱ्याचा उत्तरार्ध मोठ्याने वाचला.

४ एप्रिल

समितीला आमचा शो प्रत्यक्ष बघायचा आहे. जागा हवी. बारमध्ये नको, तिथे अठराखालच्या पोरांना आत घेत नाहीत आणि आमचे श्रोते तेच. शेवटी सेल्कर्क अव्हेन्यूजवळचा युक्रेनियन हॉल. तो मिसेस पासिचनिक यांच्या ताब्यात. वय बहात्तर, उंची साडेचार फूट, हॉलची किल्ली गळ्यात.

भाडं नको म्हणाल्या. अट एकच. हॉलमधून कुणी उपाशी जायचं नाही. त्या दिवशी बायका मिळून पेरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, करणार, आणि केस हिरवे असोत की नसोत, प्रत्येकाने खायच्या. मी म्हटलं, आमचे लोक व्यवस्थेविरुद्ध आहेत. त्या म्हणाल्या, असू देत, बटाट्याविरुद्ध तर नाहीत ना?

१३ एप्रिल, शनिवार

ऐतिहासिक दिवस. एकशे साठ लोक. कानात सेफ्टी पिना, हातात कागदी ताटल्या, ताटल्यांत पेरोगी आणि वर परतलेला कांदा आणि सावर क्रीम, म्हणजे आंबट साय. मी ‘आभाळ भाड्याने’ची पार्श्वभूमी सांगायला घेतली आणि हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. अकरा मिनिटं कुणाच्या तोंडून चकार शब्द नाही. आयुष्यात असे श्रोते मिळाले नव्हते.

टॅनिस म्हणाली, तोंडात घास होते सगळ्यांच्या.

तिला यश बघवत नाही. मात्र मिसेस पासिचनिकना तीच आवडली. तिला दुसरी ताटली भरून दिली. मला म्हणाल्या, तुझा आवाज मोठा आहे रे, आमच्या स्वयंपाकघरात ओव्हनच्या मागे उभं राहूनही ऐकू येत होता. फार चालवतोस, पण मोठा आहे.

पेनर सर कोपऱ्यात बसले होते. कानात कापूस, मांडीवर ताटली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले की कळवतो.

२६ एप्रिल

आलं! पत्र आलं! ८ जून, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं. आधी चर्चचा गायनवृंद, नंतर एका डॉक्टरांचं भाषण. मधली पाच मिनिटं आमची. गाणी दोन.

तळघरात उड्या मारल्या. लॉर्न हसला. मी त्याचे दात पहिल्यांदाच पाहिले. आईने वरून ठोकलं, मग काय झालं म्हणून खाली आली आणि मग तीही नाचली. डार्सीने तिला उचलून गरगर फिरवलं.

मग टॅनिसने सगळ्यांना बसवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “मायरन, पाच मिनिटं. गाणी दोन. भाषण शून्य.”

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. भाषण करणार नाही.

परिचय म्हणजे काही भाषण नव्हे.

५ मे

परिचय लिहिला. एक पान. आरशासमोर वाचला, सव्वा मिनिट. फारच छान. थोडी भर घातली तर उठून दिसेल.

१२ मे

भर घातली. तीन मिनिटं चाळीस. आता काटछाट.

१९ मे

काटछाट केली. चार मिनिटं पंधरा. काटताना नवीन मुद्दे सुचतात. यावर उपाय सापडत नाही.

पण मनात गणित पक्कं केलंय. परिचय चार मिनिटांत. राहिली साठ सेकंदं, त्यात ‘आभाळ भाड्याने’ आरामात बसतं, वर बारा सेकंदं टाळ्यांना. दुसरं गाणं लॉर्नचं आहे, ते राहिलं तर तो काही बोलणार नाही.

२ जून

तालमीत शहाण्यासारखा वागलो. चकार शब्द नाही. टॅनिसने कौतुक केलं. तिला थोडं फसवल्यासारखं वाटलं. पण ज्या दिवशी वीस हजार लोक सगळं समजून रडतील त्या दिवशी तीच येऊन मिठी मारेल.

७ जून

घशाच्या गोळ्या दोन पाकिटं. टी-शर्ट फाडला. मिशी काढली. ठेवायला हवी होती असं वाटतंय.

झोपायच्या आधी आई म्हणाली, उद्या मीही येणार, हॉलच्या सगळ्या बायकांना घेऊन. मी म्हटलं, उन्हात त्रास होईल, डास चावतील. ती म्हणाली, माझा मुलगा विधानसभेसमोर गाणार आणि मी घरात बसू?

८ जून, शनिवार, सकाळ

स्वच्छ ऊन. आज.

८ जून, संध्याकाळ

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. इतिहासकाराने खोटं लिहू नये.

माणसं किती होती ते मोजवत नव्हतं. पायऱ्यांपासून नदीपर्यंत डोकीच डोकी. बाबागाड्या, फलक, पाद्री, आमची हिरव्या केसांची पोरं. पहिल्या रांगेत घडीच्या खुर्च्यांवर आई, मिसेस पासिचनिक आणि हॉलच्या सगळ्या बायका, डोक्याला रुमाल बांधून. गायनवृंद उतरला. आम्ही चढलो. मी माईक हातात घेतला. समोर वीस हजार माणसं माझ्याकडे बघत होती. कुणाच्याही तोंडात घास नव्हता.

मी परिचय सुरू केला.

फार चांगला चालला होता. क्षेपणास्त्रांच्या करारावर आलो, तिथून संपावर. संप सुटला की माझं मला भान राहत नाही, हे मान्य. मागे डार्सी काठ्या आपटत होता, मला वाटलं साथ देतोय. टॅनिस दातओठ खात काहीतरी म्हणाली. मला वाटलं, वाहवा. खालून पेनर सरांनी एक बोट दाखवलं. मला वाटलं, ते पहिला मुद्दा अधोरेखित करताहेत. ते एक मिनिट उरल्याचं होतं.

मग माझा माईक बंद झाला. सरांनी स्वतःच्या हाताने बटण फिरवलं. मी थांबलो नाही. माईकशिवाय बोलत राहिलो. नदीपर्यंत ऐकू गेलं असं नंतर लोकांनी सांगितलं. पण मागून डार्सीने चार ठोके दिले आणि लॉर्नची गिटार कडाडली. टॅनिसने तिच्या समोरच्या माईकवर, जो चालू होता त्याच्यावर, तोंड आणलं आणि माझं गाणं म्हणायला सुरुवात केली.

आम्ही वाजवतो त्यापेक्षा किंचित हळू. एकेक शब्द मोकळा.

‘आभाळ कुणी दिलं भाड्याने?
मी नाही! मी नाही!’

दुसऱ्यांदा ‘मी नाही’ आलं तेव्हा खालून काही पोरं ओरडली. तिसऱ्यांदा सगळ्या मैदानाने म्हटलं. पाद्र्यांनी म्हटलं. आईने खुर्चीवरून उठून मूठ वर करून म्हटलं. मी बंद माईक धरून मधोमध उभा होतो. माझ्या ओळी होत्या त्या. वॉशिंग मशीनशेजारी बसून लिहिलेल्या.

अठ्ठेचाळीस सेकंदांची साठ झाली असतील. मग जी टाळी पडली ती डॉक्टर माईकपाशी येऊनही थांबेना.

निष्कर्ष: परिचयाने जमीन नांगरली गेली, म्हणून पीक आलं.

९ जून

निष्कर्ष टॅनिसला फोनवर सांगितला. तिने फोन ठेवला. लाइन खराब असावी.

११ जून

बैठक. लॉर्न पहिल्यांदा एक अख्खं वाक्य बोलला. म्हणाला की त्याचं गाणं राहिलं, आणि त्याचे वडील ब्रँडनहून तेवढ्यासाठी गाडी चालवत आले होते. मी म्हटलं, तू बोलला असतास तर. तो म्हणाला, बोलायला जागा कधी होती?

त्याचं वाक्य वहीत लिहून घेतलं. हेही पहिल्यांदाच.

मग टॅनिस बोलली. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, “गाणं फार चांगलं लिहिलंयस रे. म्हणूनच त्याला तुझ्यापासून वाचवायचंय.”

ती गाणार. मी विश्रांती घ्यायची. किती दिवस ते ठरलं नाही. मी त्याची नोंद ‘संस्थापक सल्लागार’ अशी केली.

३० जून

सल्ला मागायला कुणी आलं नाही. मीच फोन केला. दौरा ठरलाय. ब्रँडन, रेजायना, सॅस्कटून, एडमंटन. व्हॅनमध्ये जागा नाही, सामान फार आहे. मी म्हटलं, मी सामानावर बसेन. डार्सी म्हणाला, तू बसशील रे, पण गप्प बसशील का?

संकल्प. एक, राग धरायचा नाही. दोन, मौन. रोज एक तास.

१ जुलै

मौन सहा मिनिटं पाळलं. आईला फायदे समजावून सांगत होतो, त्यात मोडलं.

२० जुलै

सॅस्कटूनहून पोस्टकार्ड. ‘गर्दी मोठी. आभाळ तीनदा म्हणावं लागलं. तुझी आठवण काढतो. टायमर तूच नेलंस ना? डार्सी.’

माझी आठवण काढतात. बँड माझ्याशिवाय तगणार नाही, हे त्यांच्या लक्षात येतंय.

९ ऑगस्ट

मिसेस पासिचनिकनी बोलावणं पाठवलं. दर शुक्रवारी हॉलमध्ये पेरोगीचं जेवण असतं. ताटली भरली की चिठ्ठीवरचा नंबर पुकारायला माणूस हवाय. लाउडस्पीकर जुना, खरखरतो, आणि म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही. त्यांनी मला विधानसभेसमोर माईकशिवाय ऐकलं होतं. म्हणाल्या, असला आवाज देवाने काहीतरी कामासाठीच दिला असणार.

श्रमिकांशी थेट संपर्क. स्वीकारलं.

१६ ऑगस्ट

पहिला दिवस. ‘बारा नंबर!’ म्हणून मी बटाट्याच्या शेतकऱ्यांना मिळणाऱ्या भावावर दोन शब्द बोललो. मिसेस पासिचनिकनी झारा माझ्या कोपराला लावला. गरम होता. म्हणाल्या, नंबर म्हण, बास. मागे पेरोगी थंड होताहेत.

तेरा नंबरपासून सुधारणा आहे.

१३ सप्टेंबर

आता जमतं. चाळीस मिनिटांत नव्वद नंबर. कर्णबधिर मिस्टर बोयकोसुद्धा पहिल्या हाकेला उठतात. एकोणीस पानांच्या टिपा पेटीत ठेवल्या. टाकल्या नाहीत. इतिहासाला लागतील.

२० सप्टेंबर

बँड परत आला. पुढच्या शुक्रवारी याच हॉलमध्ये शो. टॅनिस स्वतः सांगायला आली, माझ्यासाठी एडमंटनची टोपी घेऊन. तिने विचारलं, येशील ना? मी म्हटलं, शुक्रवारी मी इथेच असतो, काउंटरच्या मागे. तिने टोपी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, बरं, मला बटाटा-चीजच्या ठेव.

मला वाटतं, शेवटच्या क्षणी मला वर बोलावणार. टोपी उगीच कुणी आणत नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

चारशे माणसं. भिंतींना पाठी लागल्या होत्या. बायकांनी सकाळपासून तीन हजार पेरोगी वळल्या होत्या. मी टी-शर्ट फाडून आलो होतो, वर एप्रन. वर बोलावलं तर एप्रन एका हाताने सुटावा अशी गाठ मारली होती.

बोलावलं नाही.

शेवटी ‘आभाळ भाड्याने’. टॅनिसने आधी एकही शब्द न बोलता सुरुवात केली, सरळ गाणंच. ‘कुणी दिलं भाड्याने’ म्हटल्यावर तिने माईक खाली घेतला, कारण पुढचं तिला म्हणावं लागतच नव्हतं. चारशे जणांना आठच्या आठ ओळी पाठ. टेबलांवर उभे राहून म्हणत होते. स्वयंपाकघरातल्या बायका हात पिठात घालून म्हणत होत्या. मी काउंटरच्या मागे उभा होतो. खूप आनंद झाला, आणि तितकंच रडूही येत होतं. कांद्याचा धूर होता म्हणा.

काउंटरशी एक मुलगी थांबली होती, विशीची असेल, हातात अठ्ठावन्न नंबरची चिठ्ठी. गाताना तिचा आवाज बसला होता. गाणं संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, “हे लिहिलंय कुणी, माहितेय?”

मी श्वास घेतला. १९१९ पासून सगळं तोंडाशी आलं. क्षेपणास्त्रांचा करार, कर्लिंग क्लब, वॉशिंग मशीन, पेनर सरांचा लाल पेन. पण मागे पेरोगी थंड होत होत्या.

“मी,” म्हटलं.

ती हसली. मोठ्याने, अगदी मनापासून. मग माझ्या हाताला थोपटून म्हणाली, “हो का? मग सावर क्रीम जरा जास्त घाल.”

जास्त घातलं. एकोणसाठ नंबर पुकारला.